प्राणी-गुप्तहेरांची परदेशवारी प्रवासवर्णन होऊ नये म्हणून

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ६ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी तुम्ही ३२ पानांची सचित्र साहसकथा लिहिताय. मिरी नावाची गावठी कुत्री, दामू कावळा आणि झिपऱ्या मुंगूस हे तिघं गुप्तहेर एक चोरीला गेलेला सोन्याचा मुखवटा शोधत लंडन, पॅरिस, रोम करत शेवटी व्हेनिसला पोचतात. खर्डा घरच्यांना आवडला, पण मुलांना वाचून दाखवला तेव्हा ती मध्येच उठून गेली. एका संपादकांनी ‘हे प्रवासवर्णन झालंय’ असा शेरा मारून परत पाठवला. आता तुम्ही विचारताय की विनोद वाढवू, पाठलाग वाढवू, की स्थळांची माहिती कापू?

मी बरीच वर्षं मुलांची चित्रपुस्तकं लिहिते आणि इतरांची संपादित करते. त्या अनुभवावरून सांगते, या तिन्हीपैकी काहीही आत्ता करू नका. तुमची अडचण माहिती जास्त झाल्याची नाहीच. अडचण ही आहे की त्या माहितीचा तपासाशी संबंध नाही. एक कसोटी लावून बघा. हीच चोरी साताऱ्यात घडवली तर गोष्टीत काय बदलावं लागेल? आयफेल टॉवरच्या जागी अजिंक्यतारा, व्हेनिसच्या गोंडोला होडीच्या जागी रिक्षा, आणि बाकी सगळं जसंच्या तसं चालत असेल, तर तुमचे गुप्तहेर परदेशात गेलेलेच नाहीत. त्यांच्या मागचा पडदा तेवढा बदलला. मुलांना हे शब्दांत सांगता येत नाही, पण कळतं. म्हणून ती उठून जातात.

एका शहरात राहायचं की चार शहरं फिरायची, हे पुस्तक कसलं आहे यावर ठरतं. प्रत्येक जोडपानावर (समोरासमोरच्या दोन पानांवर) लपलेली वस्तू शोधायची, असं पुस्तक असेल तर चार काय, दहा शहरं चालतील, कारण तिथे प्रत्येक चित्र स्वतंत्र असतं. तुमची मात्र साखळी आहे: एका सुगाव्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. आणि ३२ पानांतून शीर्षकपान, श्रेयपान वगैरे वजा केलं की हातात साधारण तेरा जोडपानं उरतात. चार शहरांना वाटली तर प्रत्येकी तीन. एकात पोचायचं, एकात बघायचं, एकात निघायचं. गुन्हा कुठे बसवणार? माझा सल्ला, पहिली तिन्ही शहरं काढून टाका. वाईट वाटेल, पण व्हेनिस एकटं पुरून उरेल.

त्याआधी मुखवट्याबद्दल. ‘सोन्याचा मुखवटा’ कुठलाही असू शकतो, म्हणून तो कुणाचाच वाटत नाही. तो जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातला मुखवटा का असू नये? पालघर जिल्ह्यातल्या त्या उत्सवात देवदेवतांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून रात्रभर नाच चालतो. लाकडाचे आणि कागदाच्या लगद्याचे हे मुखवटे रंगवलेले, मोठ्या डोळ्यांचे, चित्रकाराला पर्वणी असे असतात. व्हेनिसच्या कार्निव्हल या मुखवट्यांच्या सणातले मुखवटेही परंपरेने कागदाच्या लगद्याचेच. आता बघा, चोर व्हेनिसलाच का गेला या प्रश्नाला उत्तर मिळालं. मुखवटा लपवायचा तर जिथे भिंतीच्या भिंती मुखवट्यांनी भरलेली दुकानं आहेत तिथे लपवावा. मात्र एक पथ्य पाळा. बोहाड्याचा मुखवटा ही दुकानातली शोभेची वस्तू नाही, ज्यांचा तो आहे त्यांच्यासाठी त्यात देव आहे. तो ‘लाखमोलाचा’ म्हणून परत आणायचा नाही. यंदाचा नाच त्याच्यावाचून अडला आहे, म्हणून आणायचा. हे कारण मुलांना पैशापेक्षा लवकर पटतं.

आता खरं काम. प्राणी-गुप्तहेर माणसांपेक्षा वेगळे कशाने असतात? कोट-टोपीने नव्हे, शरीराने. मिरीचं नाक, दामूची नजर, झिपऱ्याची जमिनीलगतची उंची ही त्यांची हत्यारं. मी अशी गोष्ट रचते तेव्हा आधी एकच प्रश्न विचारते: या शहरात कुणाचं कुठलं हत्यार निकामी होतं? कारण नेहमीची युक्ती चालेनाशी झाली की डोकं चालवावं लागतं, आणि गोष्ट तिथून सुरू होते.

मिरीपासून सुरुवात करू. गावात ती चोराचा माग नाकाने काढते. व्हेनिसच्या गल्लीत ती दुकानाच्या उंबऱ्यापासून वास घेत निघते, कोपरा वळते आणि दहा पावलांवर थांबते, कारण पुढे दगडी पायऱ्या आहेत आणि पायऱ्या पाण्यात उतरल्या आहेत. चोर होडीतून गेला. पावलांचा माग तिथेच तुटला. हे फक्त व्हेनिसमध्ये होतं, जिथे दाराबाहेर रस्त्याऐवजी कालवा असतो आणि जुन्या शहरात मोटारी येतच नाहीत. तुमच्या खर्ड्यात कालवे ‘सुंदर, हिरवेगार’ आहेत. इथे तोच कालवा मिरीचा शत्रू झाला. वर्णनाचं एकही वाक्य न लिहिता मुलाला कळलं की या शहरात रस्ते पाण्याचे आहेत.

दामूची गंमत याहून मोठी. कावळे माणसांचे चेहरे लक्षात ठेवतात, हे सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जॉन मार्झलफ आणि सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवलं. त्यांनी ठरावीक मुखवटा घालून कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा घालून कुणीही त्या आवारातून गेलं की कावळे त्याच्यावर ओरडत. आत माणूस कोण आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. (ते कावळे अमेरिकेतल्या जातीचे होते, आपला गावकावळा वेगळा. गोष्टीपुरती ही सूट घ्यायला हरकत नाही.) आता दामूला कार्निव्हलमध्ये सोडा. फेब्रुवारीच्या सुमाराची गर्दी, आणि त्यात ‘बाउता’ नावाचा पांढरा मुखवटा घातलेले लोक. हनुवटीकडे पुढे आलेला हा मुखवटा काळ्या झग्यावर आणि तीनकोनी टोपीखाली घालतात. जुन्या व्हेनिसमध्ये तो ओळख लपवायलाच वापरत. दामूने चोराला पाहिलंय, चेहराही पक्का ध्यानात ठेवलाय. पण तो चेहरा मुखवट्याचा होता, आणि मुखवटा एव्हाना दुसऱ्याच्या तोंडावर गेलाय. दामू छातीठोकपणे चुकीच्या माणसावर बोट ठेवतो. म्हणजे चोच. कावळ्याची खरी क्षमता आणि शहराचा खरा सण एकमेकांवर आदळले की केवढं मोठं वळण फुकटात मिळतं!

झिपऱ्याला मी शेवट देईन. तो बुटका, पुलाखालून सरपटत जाणारा. त्याला ते दिसतं जे उभ्या प्राण्याला दिसत नाही: भिंतीवरची शेवाळाची रेघ. व्हेनिसच्या कालव्यांना भरती-ओहोटी आहे, साधारणपणे दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि उतरतं. नेहमीची भरती जिथवर येते तिथपर्यंत दगडांवर हिरवं शेवाळ धरतं आणि वर दगड कोरडा राहतो. कोकणातल्या मुलाला हे सांगावंसुद्धा लागणार नाही, जेटीच्या खांबांवर त्याने ते रोज पाहिलेलं असतं. आणि व्हेनिसचे काही पूल इतके बुटके आहेत की पाणी चढलं की उंच माल भरलेली होडी त्यांच्याखालून जाऊ शकत नाही.

आता संशयित म्हणतो, ‘मी त्या वेळी पेट्या भरलेली होडी घेऊन या पुलाखालून बाजारात गेलो होतो.’ झिपऱ्या पुलाखाली जातो. शेवाळाच्या रेघेच्याही वर, कमानीच्या पोटाजवळ, दगड अजून ओला आहे. म्हणजे पाणी तिथवर आलं होतं. म्हणजे ती होडी जाणं शक्यच नव्हतं. बस्स! संशयिताची साक्ष पाण्याने खोडून काढली. साताऱ्यात ही गोष्ट घडवता येईल का, विचारा पुन्हा.

तुम्ही गोष्ट आजच्या काळात ठेवताय म्हणून एक काळजी घ्या. व्हेनिसची खाडी समुद्राला मिळते त्या तोंडांशी उभारलेले ‘मोसे’ हे हलते बंधारे ऑक्टोबर २०२० मध्ये पहिल्यांदा खऱ्या भरतीविरुद्ध उचलले गेले. त्यामुळे नोव्हेंबर २०१९ सारखं, १८७ सेंटिमीटरच्या भरतीत बुडालेलं शहर आजचं म्हणून रंगवू नका. पण हे बंधारे मोठ्या भरतीसाठी उचलतात, रोजच्या चढउतारासाठी किंवा नेहमीपेक्षा जरा जास्त चढलेल्या पाण्यासाठी नाही, म्हणून आपला पुलाचा पुरावा शाबूत राहतो. सेंट मार्क चौक शहरातल्या सर्वांत सखल जागांपैकी आहे, तिथे पाणी आधी दिसतं. थंडीच्या दिवसांत चौकाच्या कडेला लोखंडी पायांच्या लाकडी फळ्या एकावर एक रचून ठेवलेल्या दिसतात. पाणी आलं की त्या जोडून चालायची वाट करतात. चित्रकाराला त्या काढायला सांगा. मजकुरात एक शब्दही नको. पाच-सहा पानांनंतर त्या मांडलेल्या दिसल्या की हुशार मूल पाणी चढल्याचं स्वतःहून ओळखेल.

इथून मी चित्रांकडे वळते, कारण सचित्र गुप्तहेरकथेत खरा साक्षीदार चित्रच असतं. नियम एकच पण कडक: उलगड्याला लागणारी प्रत्येक गोष्ट उलगड्याआधीच्या चित्रात दिसली पाहिजे. आठव्या पानावर तोच पूल, ओहोटीत, पायऱ्यांवरचं शेवाळ उघडं. विसाव्या पानावर तोच पूल त्याच कोनातून, पाणी कमानीला भिडलेलं. कोन तोच ठेवा, नाहीतर मुलाला तुलना करता येणार नाही. शेवटी झिपऱ्या बोलला की मूल पानं मागे उलटून बघतं, आणि ‘अरे, हे तर होतंच!’ म्हणतं. तो क्षण मिळाला की पुस्तक दहा वेळा वाचलं जातं.

मूल गुप्तहेराच्या पुढे गेलं तर त्याहून आनंद. याची एक जागा तुमच्या मिरीतच आहे. कुत्र्यांना निळा आणि पिवळा नीट दिसतो, पण लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. चोराच्या काळ्या झग्याच्या अस्तराचा लाल धागा पायऱ्यांवरच्या हिरव्या शेवाळात अडकलाय. मिरी त्याच्यावरून पाय टाकून जाते. मुलाला दिसतो, मिरीला दिसत नाही! वर्गात हे पान दाखवलं की मुलं ओरडायला लागतात, ‘मिरी, खाली बघ!’ पण थांबा. काही मुलांनाही, बहुतेक करून मुलग्यांना, लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. पुरावा फक्त रंगावर ठेवला तर तुम्ही त्या मुलांना खेळातून बाहेर काढलंत. म्हणून धाग्याला ठळक गाठ द्या, त्याचं टोक पायरीच्या कडेवरून लोंबू द्या. ज्याला रंग दिसत नाही त्याला आकार सापडेल. मी हे प्रत्येक पुस्तकात तपासते: पानाची काळी-पांढरी झेरॉक्स काढायची आणि सुगावा अजून सापडतो का ते बघायचं.

वेळ दाखवायलाही शब्द वापरू नका. सेंट मार्क चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्याची तबकडी बारा नव्हे, २४ तासांची आहे, रोमन आकड्यांची, आणि तिच्यावर राशींची चित्रं आहेत. मेंढा, बैल, खेकडा, सिंह, विंचू, मासे! आपल्या घरातल्या मुलांनी आजीच्या पंचांगात हेच प्राणी पाहिलेले असतात, आणि तुमचे नायक तर प्राणीच. झिपऱ्याला विंचवाची भीती नाही पण खेकड्याची आहे, असं काही केलंत तर एका चित्रात घड्याळ, वेळ आणि स्वभाव तिन्ही येतील. तबकडीच्या वरच्या मजल्यावर १८५८ साली बसवलेली खिडक्यांची जोडी आहे, एकीत तासाचा रोमन आकडा आणि दुसरीत पाच-पाच मिनिटांनी बदलणारा आकडा. वाचता येणाऱ्या मुलाला वेळ तिथून कळेल. हे घड्याळ अंदाजाने काढू नका, स्पष्ट फोटो समोर ठेवूनच काढून घ्या.

तुम्ही ओझरतं विचारलंय, ‘प्राणी विमानाने जातात हे पटेल का?’ हे तुमच्या जगाच्या नियमांवर अवलंबून आहे, आणि ते नियम पहिल्या दोन जोडपानांत ठरले पाहिजेत. प्राणी कपडे घालून, पासपोर्ट घेऊन फिरणार असतील तर विमानतळावर रांगेत उभे करा, प्रश्नच मिटला. पण माणसांच्या जगात ते खरेखुरे प्राणीच असतील तर खरे नियम बघा, त्यात मजा आहे. भारतातून युरोपीय संघात कुत्रा न्यायचा तर मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं. चारेक महिने सहज जातात. म्हणजे मिरी ऐन वेळी निघू शकत नाही. एक तर तिची तयारी आधीपासून झालेली हवी, नाहीतर चोराला तेवढा काळ मोकळा मिळतो. मुंगूस तर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, तो पिंजऱ्यात घालून नेता येत नाही. झिपऱ्या कुणाच्या तरी सामानात चोरूनच जाणार. (जाता जाता, तुमचे चित्रकार रंगासाठी मुंगसाच्या केसांचा ब्रश वापरत नाहीत ना, ते विचारा. त्या ब्रशसाठी मुंगसं मारली जातात आणि तो व्यापार बेकायदेशीर आहे. मुंगूस नायक असलेल्या पुस्तकात तो नकोच.)

मला स्वतःला दुसरा, खऱ्याखुऱ्या प्राण्यांचा प्रकार आवडतो, कारण टेबलाखाली बसलेल्या कुत्र्याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि गुप्तहेराला याहून चांगली जागा नाही. पण व्हेनिसमध्ये मोकाट कुत्री आपल्याकडच्यासारखी दिसत नाहीत. एकटी, पट्ट्याविना फिरणारी मिरी लोकांच्या लगेच नजरेत भरेल, कुणीतरी तिचा मालक शोधायला लागेल. गावात अदृश्य असणारी मिरी इथे सगळ्यांना दिसते. हाही शहराने घातलेला अडसर, वापरा.

तिथल्या प्राण्यांबद्दल थोडं. तुमच्या खर्ड्यात व्हेनिसची कबुतरं दाणे टिपताना आणि पर्यटक दाणे टाकताना दिसतात. सेंट मार्क चौकात कबुतरांना खायला घालण्यावर २००८ पासून बंदी आहे. पण त्यातून पात्र मिळतं. दाण्यांच्या बदल्यात माहिती देणारं, उपाशी आणि चिडलेलं म्हातारं कबुतर. शहराचे सहा भाग आहेत आणि प्रत्येक भागातल्या घरांना एकच सलग क्रमांक दिलेत, त्यामुळे हजारांतले आकडे सर्रास दिसतात आणि क्रमांकावरून घर सापडणं नवख्याला अवघड जातं. ‘मारुतीच्या देवळासमोर, पिंपळाच्या बाजूला’ अशा पत्त्यांवर वाढलेल्या मिरीला हे कबुतरच वाट दाखवू शकेल. सीगल तिथे लोकांच्या हातातलं खाणं पळवतात, म्हणून पहिला संशय त्याच्यावर जाऊ द्या आणि तो निर्दोष ठरू द्या. चोर मात्र केवळ परका, काळासावळा किंवा गरीब आहे म्हणून संशयित ठरू नये. मुलं हे नकळत शिकतात. संशय कृतीवरूनच यायला हवा.

आता छपाईच्या बाजूच्या गोष्टी, कारण चांगला सुगावा छापखान्यात हरवलेला मी पाहिलाय. सुगावा कधीही दोन पानांच्या मधल्या शिवणीजवळ ठेवू नका, तिथे काही मिलिमीटर गिळले जातात. प्रश्न नेहमी उजव्या पानाच्या शेवटी आणि उत्तर पान उलटल्यावर. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्याने ओळींत जास्त अंतर लागतं. मजकुराची मोकळी जागा चित्रकाराला रफ स्केचच्या वेळीच आखून द्या, नाहीतर अक्षरं नेमकी शेवाळाच्या रेघेवर बसतील. आणि संगणकावर चित्र आडवं उलटवू देऊ नका. गोंडोला दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. त्याची डावी बाजू उजवीपेक्षा सुमारे २४ सेंटिमीटर रुंद असते, वल्हेकरी मागे डावीकडे उभा राहून उजव्या बाजूला एकच वल्हं मारतो, आणि या वाकड्या बांधणीमुळेच होडी सरळ जाते. चित्र उलटवलं की हे सगळं चुकतं. तुम्हाला हवं असेल तर हाच एक सुगावा होऊ शकतो: चोराने पुरावा म्हणून दाखवलेल्या फोटोत वल्हं डावीकडे आहे, म्हणजे फोटो उलटवलेला. पण एका पुस्तकात पूल आणि गोंडोला दोन्ही नकोत, दुसरा पुढच्या भागासाठी ठेवा.

लिहिण्याचा क्रम विचाराल तर मी आधी उलगड्याचं जोडपान लिहिते, मग तिथून मागे येत प्रत्येक सुगाव्याला पान देते, आणि सुरुवात सगळ्यात शेवटी. या वयोगटासाठी हजार-बाराशे शब्द पुरे. तुमचा खर्डा याच्या तिप्पट आहे. शहराचं वर्णन करणारी वाक्यं आधी कापा, कारण ती आता चित्रात गेलीत. ‘मिरी म्हणाली, दामू म्हणाला’ची भांडणं राहू द्या, ती तुम्हाला छान जमलीत.

मग साध्या कागदाची डमी करा. ८ कागद एकात एक, मध्ये पिना, चित्रांच्या जागी पेन्सिलीच्या खुणा. संपादकांकडे पुन्हा पाठवण्याआधी ती ओळखीच्या नसलेल्या दोन-तीन मुलांना एकेकट्याने दाखवा, आणि वाचताना त्यांच्या तोंडाकडे नव्हे, बोटाकडे बघा. बोट विसाव्या पानावरून मागे आठव्यावर गेलं तर पुलाचा सुगावा चालला. नाही गेलं तर मजकुरात खुलासा घालू नका. आठव्या पानावरची शेवाळाची रेघ थोडी ठळक करा आणि पुन्हा दाखवा.